पाणबुडीतल्या पंपाचा आवाज

लातूरच्या एका क्लासमध्ये मी फिजिक्स शिकवत होतो. देश अणुशक्तीवर चालणारी हल्ल्याची पाणबुडी बांधणार, अशी बातमी तेव्हा पेपरात आली होती. अहमदपूरच्या एका टेलरची मुलगी तासाला उभी राहिली. "सर, अणुभट्टी थंड ठेवायला पंप सारखा चालू ठेवावा लागंल ना? मग त्याच्या आवाजानं शत्रूला पाणबुडी सापडत न्हाई का?"

वर्षभरात असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी फळ्यावर पाणबुडीचा उभा छेद काढला. यंत्रं रबरी आधारांवर का बसवतात, सावकाश जाताना पंपाशिवाय पाणी आपोआप कसं फिरतं, हे समजावलं. त्यात वीस मिनिटं गेली.

क्लासचे मालक केबिनमध्ये बसून कॅमेऱ्यातून बघत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आणि मुलीच्या वडिलांना बोलावलं. "पोरगी बॅचचा टाइम खायलीय," असं म्हणून तिला सगळ्यात कमी मार्कांच्या, शेवटच्या बॅचमध्ये टाकलं. वडील हात जोडून म्हणाले, "गलती झाली साहेब. आता न्हाई विचारणार ती."

माझं डोकं सणकलं. "चूक तिची नाही, शिकवलं मी," मी म्हणालो.

"मग तुमी बी परीक्षेत येतंय तेवढंच शिकवा," मालक म्हणाले.

महिनाअखेरीस मी नोकरी सोडली. निघताना तिला गाठून विचारलं, "काही शंका आहे का?" तिनं खाली बघत नुसती नकारार्थी मान हलवली.

त्या मालकाचा राग अजून येतो. स्वतःचा त्याहून जास्त येतो, कारण तो सगळा महिना मी त्याच फळ्यावर मुकाट शिकवत राहिलो.