बाईला न पचणारी जिलेबी

घुग्घुसच्या कोळसा खाणीत पहिल्या पाळीवर होतो, तेव्हा आरमोरीहून बाईच्या शेजारच्या रमेशभाऊंचा फोन आला. "बाई गेली. आंगणात सडा टाकून बसली, ते उठलीच नाई." बाई म्हणजे माझी थोरली बहीण. तरुणपणीच विधवा झाली आणि धानाची शेती एकटीने रेटत राहिली. हट्टी, तोंडाची फटकळ. महिना उलटला, तरी घरात काही बिघडलं की माझा हात अजून तिला फोन लावायला जातो... भांडायला हक्काचं माणूस उरलं नाही.

माझा मुलगा सोहम पहिलीत होता तेव्हाची गोष्ट. वर्गात एका जागी बसेना, बाकांवरून उड्या मारी. असंच चाललं तर दुसरी शाळा बघा, असं शाळेने सांगितलं. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून एडीएचडी म्हणजे अतिचंचलतेचा आजार असल्याचं सांगितलं आणि औषध सुरू केलं. बाईला ते नावच पटलं नाही. "पोरगं पाकिटातलं लाल-पिवळं खाऊन राह्यलं, अन् तुमी नागपूरच्या चकरा मारून राह्यले! उन्हाळाभर माह्याकडे पाठवा त्याले."

पाठवलं. बाईने पाकिटं आणि रंगीत सरबतं बंद केली. पोरगं जरा शांत वाटलं, तसा तिला हुरूप आला. मग दूध बंद, गहू बंद, शेंगदाणे, अंडी... कोणीतरी टमाटर वाईट म्हणालं, तेही बंद. उरली तांदळाची पेज, भात आणि दोडक्याची भाजी. शाळा उघडायच्या आधी आणायला गेलो, तर सोहमच्या बरगड्या दिसत होत्या. मी जाम भडकलो. बाईने त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवला. मग म्हणाली, "चाल, डॉक्टरले मीच इचारतो."

डॉक्टर रागावले नाहीत. काही मुलांना रंगाचा किंवा एखाद्या पदार्थाचा त्रास होतो, सगळ्यांना नाही, असं ते म्हणाले. नुसत्या खाण्याने हा आजार होत नाही आणि नुसत्या पथ्याने जातही नाही. वाढत्या मुलाचं सगळं एकदम तोडू नका. एकेक पदार्थ परत द्या आणि काही दिवस बघा. औषध चालूच ठेवा. बाईने मुकाट मान डोलावली. बाहेर आल्यावर म्हणाली, "मानूस बरा आहे. जरा जास्त बोलते."

दूध परत आलं, काही झालं नाही. गहू, दाणे, अंडी, टमाटर, कशानेच काही झालं नाही. रंगीत मिठाई खाल्ली की मात्र पोर सैरभैर व्हायचं, रडायचं. फरक फार मोठा नव्हता, पण होता. औषध, पुढच्या बाकावर बसवणाऱ्या समजूतदार शिक्षिका आणि थोडंफार हे पथ्य, असं करत सोहम त्याच शाळेत टिकला.

खरी पंचाईत मंडईची. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, घरोघर पाहुणे येतात आणि येणारा प्रत्येक जण लेकराच्या हातात खाऊ ठेवतो. नको म्हणणं म्हणजे पाहुण्याचा अपमान. मंडईला आम्ही आरमोरीला गेलो की बाई दारातच खुर्ची टाकून बसायची. "लेकराले गोडधोड देऊ नका. द्याचंच असन तं केळं द्या." पाहुणे रुसायचे. तिला त्याचं काही नव्हतं. पण मंडईतली केशरी जिलेबी बघून सोहमचं तोंड पडलं, तेव्हा ती विरघळली. फुटाण्यांचा पुडा त्याच्यापुढे धरून म्हणाली, "जिलेबी मले बी नाई पचत रे. आपुन दोघं एका पंगतीचे." मी तोंड उघडणार, तोच तिने माझ्याकडे डोळे वटारले. त्यानंतर दर मंडईला दोघं दारात बसून फुटाणे खायचे.

तेरवीला तिच्या आवडीचं पान वाढायचं होतं. बायकांनी भात, वरण, दोडक्याची भाजी वाढली. मी म्हणालो, "जिलेबी आणा कोणीतरी."

सोहम आता माझ्या खांद्याला लागतो. त्याने विचारलं, "आत्याले जिलेबी काऊन? तिले तं पचत नव्हती."

"पचत होती रे. लहानपणी माह्या वाटचीबी हिसकून खाये. जीव होता तिचा मंडईच्या जिलेबीत."

तो सायकल काढून बाजारात गेला. आल्यावर जिलेबीचा अख्खा पुडा तिच्या पानावर रिकामा केला, खिशातून फुटाणे काढले आणि पानाशेजारी मांडी घालून खात बसला.