गयानं जिंकलेली खोली

माझी बायको गया जाऊन सव्वा महिना झाला. थोरला पोरगा दवाखान्यातून आला अन्‌ चप्पल न काढता दारातच उभा राह्यला, तेव्हाच समजलो... भेटायला येणारी माणसं अजून त्या जुन्या मॅचचंच काढतात. ‘बाबा, नऊच्या नऊ पाळ्या एकट्यानं फेकल्या, समोरच्यांना भोपळा!’ फेकल्या मीच. पण त्यातलं निम्मं गयाचं होतं, ते मी कोणाला सांगितलं न्हाई.

लढाईच्या काळात बदनापूर स्टेशनाजवळ अमेरिकन सोल्जर उतरले होते. त्यांचं बघून बेसबॉलचं याड आमच्या कापसाच्या जिनच्या शेठला लागलं अन्‌ जालन्याच्या जिनवाल्यालाही. दोघांनी पगारी गडी ठेवले. एकानं चेंडू फेकायचा, दुसऱ्यानं दांडक्यानं मारून चार कोपरे पळत फिरून यायचं, की एक रन; तीनदा हुकला की बाद. शेठ मला म्हणाले, ‘जीत गये तो नौकरी पक्की, और लाइन में खोली.’ नोकरीचं जाऊ द्या, मला ती मजुरांच्या चाळीतली खोली पाहिजे होती. लग्नाला दोन वर्षं झाल्ती, पण बापासमोर बायकोशी बोलायची सोय न्हाई अन्‌ घर एकखणी. सगळं खुणांवर. गयानं पदर कपाळावर ओढला की म्हातारा येऊन राह्यला, गप. कानामागं खोवला की रस्ता मोकळा.

मॅचला ती मारणाऱ्याच्या पाठीमागं लिंबाखाली बायकांत बसल्ती, बराबर माझ्यासमोर. दुसऱ्या पाळीत तिनं पदर ओढला. मला वाटलं, बाप आला! घाबरून हात दबला, चेंडू गुडघ्यापाशी गेला अन्‌ मारणारा नुसताच हवेत फिरला. मागं बघतो तर बाप न्हाईच; तो तिकडं तंबूत चहा पिऊन राह्यला होता. मंग डोक्यात उजेड पडला. केदारखेड्याची पोर ती, माळ्यावर बसून गोफणीनं जवारीवरची पाखरं हाकलेली. पाखरू उडायच्या आधी तिला समजायचं, मंग मारणाऱ्याचा खांदा वाचणं काय अवघड? पदर ओढला की खाली, खोवला की सरळ, जोरात.

पाचव्या पाळीत चेंडू झेलणारा गणपत म्हणाला, ‘सद्या, हात गळाला तुझा, दुसऱ्याला दे. अन्‌ गड्याकडं बघ की, बायकोकडं काय बघतो?’

‘तू चेंडू झेल,’ म्हणलं. दुसऱ्याला देऊन खुणा कोण वाचणार होता?

शेवटच्या पाळीत आमचा एकच रन, त्यांचा एक गडी तिसऱ्या कोपऱ्यावर टपून उभा. समोरचा पहिलवान बाद झाला की मॅच आमची; तो दोनदा हुकला होता, दोन्हीदा खालच्या चेंडूवर. तो आता खालीच वाकून बसला. गयानं पदर खोवला. होता न्हाई तेवढा जीव लावून सरळ फेकला. दांडकं फिरलं तेव्हा चेंडू गणपतच्या हातात होता.

पुढच्या आठवड्यात खोलीत आलो. दार लावलं. आता बोला म्हणलं, तर सवयीनं तिचा हात पदराकडंच गेला. मंग ती म्हणली, ‘एकदा तुमचं नाव घेऊन बघू का?’ अन्‌ घेतलं, ‘सदाशिव!’ एवढ्या जोरात की शेजारीण धावत आली, ‘काय झालं गं?’

पुढं जन्मभर ‘अहो’वरच भागवलं. पहिला पदर खेळासाठी ओढला का उगंच, हे इचारलं की म्हणायची, ‘खोली मिळाली ना?’ ... जिन कधीच बंद पडली, खोली आहे. परवा दार लावून मीच माझं नाव जोरात घेऊन बघितलं. तसं वाजलं न्हाई.