पडवीतला केक

आत्या गेल्याचा अप्पांचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसात होते. अप्पा म्हणजे माझे वडील, आत्याचे धाकटे भाऊ. दोघं तंजावुरात, राजवाड्यामागच्या गल्लीत, आमच्या घरी राहायची. "आक्का गेली," ते म्हणाले, आणि थोडं थांबून, "कालचा केक अर्धा उरलाय गे..." मी पोचेपर्यंत तो टाकून दिलेला होता. सुतकात शिजवलेलं ठेवत नाहीत. मला आधी त्याचंच वाईट वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

सुमतीआत्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. लग्न का केलं नाही विचारलं की "वेळ झाला नाही" म्हणायची. आमच्याकडे सफरचंद हे आजाऱ्याचं फळ. आजोबा दवाखान्यात होते तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण सफरचंदं आणायचा, आणि आजोबांना तर दात नव्हते. तो ढीग संपवायला आत्या शाळेतल्या स्टेला टीचरकडून केक शिकून आली. अंडी नाहीत, त्याऐवजी दही; मैदा, साखर, सोडा, दालचिनी आणि सालासकट फोडी. आजीला काही ते पटेना. केक म्हणजे बेकरी आणि बेकरी म्हणजे अंडं.

"अंडं नाही तर फुगलं कसं?" आजीने विचारलं. विज्ञानाच्या बाईंनी सोडा आणि दह्याचा आंबटपणा नीट समजावून सांगितला. आजीने सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला: भांडं मागच्या पडवीत. स्वयंपाकघरात नाही, आणि देवापुढे तर नाहीच. आमच्या घरी गोडाचं काहीही आधी देवाला दाखवायचं, विकतची जिलबीसुद्धा. केक तेवढा सरळ आमच्या हातात यायचा. आम्हा मुलांना बरंच होतं, वाट पाहावी लागत नसे. आत्याला मात्र ते लागलेलं होतं. "मी केलेलं तुम्हास चालतं, देवास चालत नाही," ती एकदाच म्हणाली. हसत म्हणाली, पण मी विसरले नाही.

पडवीत तिचा सगळा संसार होता. शेगडीवर जाड बुडाचं पातेलं, तळाशी नदीची वाळू, त्यावर केकचा डबा, वर झाकण. झावळीची हीर खुपसून बघायची, कोरडी निघाली की झालं. मी इलेक्ट्रिक ओव्हन आणून दिला तर तिने त्यात पापड ठेवले. आजी जाऊन वर्षं लोटली, अडवणारं कुणी उरलं नाही, तरी आत्या पडवीतच बसायची. मी विचारलं तर म्हणाली, "असू दे गे. आई सांगून गेली." हट्ट आजीचा की आत्याचा, मला कधी कळलं नाही.

तेराव्याला गोडाचं जेवण, आणि गेलेल्या माणसाच्या आवडीचं पानात वाढायचं. स्वयंपाक्याने यादी विचारली. "सफरचंदाचा केक," अप्पा म्हणाले, "पोरगी करील." स्वयंपाकी घुटमळला. "अंडं नाही त्यात," अप्पांनी सांगून टाकलं. मी सवयीने पडवीत शेगडी मांडायला घेतली. अप्पांनी आजीचा शब्द जन्मात मोडला नव्हता, आणि कधी घरचं भांडंही उचललं नव्हतं. ते आले, वाळूचं ते जड पातेलं दोन्ही हातांनी उचललं आणि आत निघाले. उंबऱ्यावर थोडी वाळू सांडली. "आत कर," एवढंच म्हणाले.

नैवेद्याचं चाखत नाहीत, म्हणून साखर कमी पडल्याचं मला कळलंच नाही. पहिला तुकडा देवापुढे गेला, दुसरा आत्याच्या पानावर. मग अप्पांनी खाल्ला. "साखर कमी," म्हणाले, आणि आणखी एक मागून घेतला.

पुण्याला निघण्याआधी मी पातेलं पुसून पडवीत ठेवायला चालले होते. अप्पांनी ते माझ्या हातून घेतलं आणि स्वयंपाकघरात, आजीच्या पुरणाच्या पातेल्याशेजारी ठेवलं. हात तसाच झाकणावर राहिला...

"हे मज आधी जमलं असतं," ते म्हणाले. "आक्का पडवीत बसायची, आणि मी आत बसून खायचा."

मीही तेच केलं होतं.