सात दिवसांचं क्युरिंग

आमच्या गाडीच्या टपावर मूग उगवले, आणि त्याला जबाबदार मी आहे.

मूग चांगले तरारून आले होते. बोटभर उंच, दोन-दोन पानांचे. (शेतात पेरले होते तेव्हा यातले निम्मेसुद्धा उगवले नव्हते!) पण गाडी मी मुगासाठी घेतली नव्हती. ती मी मिरवण्यासाठी घेतली होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

गाडी काळी. सुमन, म्हणजे माझी बायको, शोरूममध्येच म्हणाली होती, "आहो, पांढरी घ्या. आपल्याकडं धूळ लई." पण मास्तरानं बायकोचं ऐकलं तर वर्गात पोरं काय ऐकणार? घेतली काळी! आमचं गाव बीडजवळच्या मांजरसुंब्यापासून आत. गाडी दारात उभी केली की तासाभरात तिच्यावर बोटानं नाव लिहिता यायचं, आणि गल्लीतली मंडळी ते लिहायचीही.

अशात माझी धाकटी बहीण शोभा हिच्या मुलीचं लग्न ठरलं. शोभा कड्याला दिलेली, नवरदेव आष्टीचा. व्याही म्हणाले, "नवरी न्यायला आमची मोठी गाडी येईल." शोभानं तिथल्या तिथं सांगून टाकलं, "न्हाई न्हाई, पोरगी मामाच्या गाडीतच जाईल. लई देखणी गाडी हाय आमच्या भावाची. तिच्यात बघून भांग पाडावा!"

आणि मग मला फोन. "भाऊ, मी समद्या पाहुण्यांत शब्द दिलाय. माझं नाक कापू नको बरं का!"

मी खिडकीतून गाडीकडं पाहिलं. तिच्यात बघून भांग पाडायचा तर आधी खराटा लागला असता.

मग मी बीडला शकीलभाईंकडं गेलो. गाड्या चमकवायचं दुकान आहे त्यांचं. शकीलभाईंनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या, बॉनेटवरून हलकेच बोट फिरवलं, आणि पेशंटच्या नातेवाइकाकडं बघावं तसं माझ्याकडं पाहिलं.

"सर, गाडी पुसता कशानं?"

"फडक्यानं."

"कसलं फडकं?"

"बनियनचं."

"कुणाच्या?"

"माझ्याच!" मी जरा जोरात म्हणालो. बनियनची एवढी चौकशी माझ्या सासऱ्यानंही केली नव्हती.

"तेच. सगळे ओरखडे बनियनचे आहेत," शकीलभाई म्हणाले. "आधी मशिननं पॉलिश मारू, मग सिरॅमिक कोटिंग. मग धूळ चिकटणार नाही, पाणी टिकणार नाही. तोंड बघा तोंड!"

तीन दिवस त्या माणसानं गाडीवर जीव ओतला. आधी मशिन फिरवलं, मग छोट्या स्पंजनं, मेंदी काढावी इतक्या निगुतीनं, कोटिंग लावलं. गाडी घ्यायला गेलो तर मला माझीच गाडी ओळखू येईना! बॉनेटमध्ये बघून मी मिशी सारखी केली. (मिशीत पांढरे केस किती झालेत, तेही तिथंच कळलं.)

"सर, आता सात दिवस क्युरिंग," शकीलभाई म्हणाले. "म्हणजे कोटिंग पक्कं व्हायला तेवढा वेळ लागतो. तोवर सावलीत ठेवा आणि पाण्याचा एक थेंब लागू देऊ नका. तेवढं संभाळा."

"शकीलभाई, मी मास्तर माणूस. एकदा सांगितलेलं पुरतं मला!"

गाडी घरी आणून पत्र्याच्या शेडखाली लावली. दुसऱ्याच दिवसापासून माझं सहा दिवसांचं प्रशिक्षण होतं संभाजीनगरला. पहाटेची एसटी पकडायच्या गडबडीत सुमनला एवढंच म्हणालो, "गाडीला हात लावू नका," आणि निघालो.

प्रशिक्षणाच्या पहिल्याच तासाला दादांचा फोन. दादा म्हणजे माझे वडील. मी बाकाखाली वाकून हळूच बोललो.

"आरं, गाडीवर जरा धूळ दिसायली. फडकं मारू का?"

"नको नको दादा! फडकं अजिबात नको. क्युरिंग चालूय."

"काय चालूय?"

"क्युरिंग! सात दिवस चांगलं क्युरिंग होऊ द्यायचं. तेवढं तुम्ही संभाळा."

"क्युरिंग व्हय!" दादांचा आवाज एकदम खुलला. "आरं मग तसं सांग की! मला वाटलं काय नवीनच सोंग हाय. क्युरिंग मला शिकवतो का बे तू?"

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमचे दादा गवंडी. चाळीस वर्षं त्यांनी पंचक्रोशीत घरं बांधली. त्यांच्या हातचा स्लॅब गळाला, असं सांगणारा माणूस आमच्या भागात अजून जन्माला यायचाय! आता गुडघ्यांनी दगा दिला म्हणून घरी बसलेले. आणि गवंड्याचं क्युरिंग म्हणजे काय, हे घर बांधलेल्या कुणालाही विचारा. स्लॅब टाकला की त्याच्यावर मातीची आळी बांधायची, आळ्यात पाणी तुंबवायचं, कडांना ओलं गोणपाट गुंडाळायचं, आणि सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं. क्युरिंग म्हणजे पाणी! जेवढं पाणी जास्त तेवढं काम पक्कं.

'पाणी लावू नका.' तीन शब्द होते. मराठी, साधे, सोपे. पण मला मोठा शब्द वापरायची हौस! ज्या माणसाच्या तोंडून लहानपणापासून 'क्युरिंग, क्युरिंग' ऐकत मोठा झालो, त्याच माणसाला हा शब्द सांगताना माझ्या डोक्यात काही म्हणजे काही चमकलं नाही. चमकत होती फक्त गाडी.

रोज संध्याकाळी दादांचा फोन यायचा.

"तू निवांत ऱ्हा. दोन्ही टायमाला मी सोता उभा ऱ्हातो. कुणाच्या भरवशावर सोडलं न्हाई."

"दादा, गुडघे दुखत असतील. बसत चला."

"गुडघ्याला काय झालंय? शोभीच्या पोरीचं काम हाय!"

मला भरून आलं. खोलीतल्या मास्तरांना मी अभिमानानं सांगितलं, "आमचे वडील सत्तरी ओलांडलेले. पण नवीन टेक्नॉलॉजी काय पटकन आत्मसात केली!"

दुसऱ्या दिवशी सुमनचा फोन. "आहो, दादांनी टँकर सांगितलाय."

"मग सांगू दे. उन्हाळा आहे, पाणी लागतंच."

"तसं न्हाई हो. क्युरिंगला पुरत न्हाई म्हणतात."

"सुमन," मी वर्गातला आवाज काढला, "ती टेक्निकल बाब आहे. दादांना मी सगळं नीट सांगितलंय. तू मधे पडू नको."

त्याच दुपारी परत. "आहो, दादांनी शेजारून गोणपाटं मागून आणलीत."

"झाकत असतील गाडी. धूळ बसू नये म्हणून."

"आन् शेतातून दोन पाट्या माती आणलीय."

"कुंड्यांना घालत असतील."

"आपल्याकडं कुंड्या कुठं हायत?"

"मग आणतील कुंड्या! आधी माती, मग कुंडी. तू फोन ठेव बरं, इथं महत्त्वाचं सेशन चालू आहे!"

तिनं ठेवला. बिचारीनं परत एकदाही विचारलं नाही.

सातव्या दिवशी, शनिवारी दुपारी मी गावात उतरलो. गल्लीच्या तोंडापासूनच चिखल! मला वाटलं पाइपलाइन फुटली. दारात आलो तर शेडखाली पाच-सहा माणसं बसलेली, मधे दादा जुना कामावरचा सदरा घालून पाइप धरून उभे, आणि सगळ्यांना समजावून सांगतायत, "कडेला पाणी कमी पडतं, म्हनून कडा आधी भिजवायच्या. हल्लीची पोरं तितंच चुकत्यात."

आणि गाडी? गाडी मला दिसेचना. ओल्या गोणपाटांचा एक ढीग दिसला, त्याला चार चाकं होती. टपावर काळ्या मातीची आळी बांधलेली, थापीनं चोपून घट्ट केलेली, काटकोनात! आळ्यात पाणी तुंबलेलं. पाण्यात दोन चिमण्या अंघोळ करत होत्या. बंपरवर पुढचे पाय ठेवून शेजाऱ्यांची शेळी बॉनेटवरच्या आळ्यातलं पाणी पीत होती. आणि गोणपाटातून मातीत सांडलेले मूग हिरवेगार उगवून आलेले!

सुमन उंबऱ्यात उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "घट बसवल्यावानी दिसतंय न्हाई?"

मी किंचाळलो. "दादा! हे काय करून ठेवलंय?"

"कावून वरडतो? क्युरिंग! सात दिवसांत एक कोपरा वाळू दिला न्हाई."

"आहो, पाण्याचा थेंब लावायचा नव्हता! शकीलभाईंनी बजावून सांगितलं होतं!"

"मग तू क्युरिंग कावून म्हनला?"

चूक माझीच होती, पण तोंड थांबेल तर शप्पथ! गाडीचं वाटोळं झालं, परवा लग्न, शोभाला काय तोंड दाखवू, असं बरंच काही मी सगळ्यांदेखत बोललो. बसलेली माणसं एकेक करून उठली. दादांनी तोटी बंद केली, पाइपची नीट गुंडाळी केली आणि ओट्यावर जाऊन गुडघा चोळत बसले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की सात दिवस हा माणूस याच गुडघ्यांवर उभा होता. मला माझीच लाज वाटली. लई वाईट बोललो होतो.

रविवारी गाडी घेऊन शकीलभाईंकडं गेलो. त्यांनी टप बघितला, मग मला बघितलं, मग परत टप.

"सर, पाणी लागलं का जरा?"

"जरा."

"किती?"

"दोन टँकर."

शकीलभाई खाली बसले. त्यांना मी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. शेवटी म्हणाले, "बोअरच्या खाऱ्या पाण्याचे डाग सगळे आत बसलेत. थापीचे चरे आहेत ते वेगळेच. परत पहिल्यापासून करावं लागंल, तीन दिवस पाहिजेत."

"लग्न उद्या आहे."

"मग उद्या दुवा करा," शकीलभाई म्हणाले. तरी संध्याकाळपर्यंत घासून त्यांनी होईल तेवढं केलं. गाडी बाजूनं चमकायची, पण टपावर आणि बॉनेटवर पांढऱ्या रेघांचे चौकोन होते ते होतेच. लांबून बघितलं तर शेताचे बांध वाटायचे.

सोमवारी कड्याला मांडवासमोर गाडी लावली. झेंडूच्या माळा टाकून मी जमेल तेवढे चौकोन झाकले, पण काही उघडे राहिलेच. शोभा धावत आली आणि गाडी बघून जागच्या जागी थांबली. "भाऊ, हे काय?" एवढंच म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तेवढ्यात व्याही तिथं येऊन पोचले. पाठीमागं त्यांची दहा माणसं, आणि त्यांच्याही पाठीमागं त्यांची ती मोठी गाडी, लखलखीत!

व्याह्यांनी माळ जरा बाजूला केली. "मास्तर, हे चौकोन कसले हो?"

"हे... हे डिझाइन आहे," मी म्हणालो. "नवीन निघालंय. पुण्याकडं सगळे हेच करतात."

"खोटं कावून बोलतो?" पाठीमागून दादांचा आवाज आला. ते काठी टेकत पुढं आले. "पाव्हनं, ते माझं काम हाय. नातीची गाडी पक्की व्हावी म्हनून म्या सात दिवस पाणी मारलं. चुकलं माझं. पोरीला त्याचा बोल लावू नका."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. माझा फोन, माती, आळी, टँकर, शेळी, काही सोडलं नाही! शोभानं पदर तोंडाला लावलेला. व्याही गंभीर चेहऱ्यानं ऐकत होते. मुगापाशी आल्यावर त्यांचं पोट हलायला लागलं.

"मूग? टपावर? उगवले?"

"बोटभर!" दादा म्हणाले, आणि एवढ्या सगळ्या रामायणात त्यांच्या आवाजात थोडा अभिमान आलाच.

व्याही हसता हसता गाडीला टेकले. उपरण्यानं डोळे पुसत म्हणाले, "विहीणबाई, आमची गाडी रिकामी जाऊ द्या माघारी. सून ह्याच गाडीत येणार! नातीपायी सात दिवस गुडघ्यावर उभं ऱ्हाऊन पाणी मारणारा आजा कुणाला मिळतो हो?"

शोभा रडत रडत हसायला लागली. भाची मुंडावळ्या सावरत आली आणि दादांच्या गळ्यात पडली. दादांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. शोभाचं नाक शाबूत राहिलं होतं.

पण व्याह्यांचं हसणं काही थांबेना. ते माझ्याकडं वळले. "पण कमाल झाली मास्तर! एका इंग्रजी शब्दापायी एवढा राडा! बरं, शाळेत तुमी विषय कोनता शिकवता?"

सगळा मांडव माझ्याकडं बघायला लागला. सुमननं तोंड फिरवलं. शोभानं उत्तर द्यायला तोंड उघडलं. बावीस वर्षं मी आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवतोय, आणि ते सहा दिवसांचं प्रशिक्षणसुद्धा इंग्रजीचंच होतं.

"पी.टी.!" मी म्हणालो.