पाच म्हणजे पाच

माझ्या थोरल्या बहिणीला काही समजावायला जाऊ नये, हा माझा साठ वर्षांचा अनुभव आहे. चौतीस वर्षं तिने शाळेत गणित शिकवलं. पोरं तिला मागून 'अर्धा गुण' म्हणायची, कारण उत्तर बरोबर असलं तरी एक पायरी गाळली की ही अर्धा गुण कापायची. पालक भांडून जायचे, मुख्याध्यापक समजूत काढायचे आणि कापलेला अर्धा गुण कापलेलाच राहायचा. मी जन्मभर नोंदणी कार्यालयात शिक्के मारले. समोर कागद आला की मार शिक्का. आम्ही दोघी एकाच घरात कशा वाढलो, देव जाणे.

निवृत्तीनंतर वर्षाच्या आत ताई जिन्यावरून पडली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी बोटं वळेनात. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी सुचवलं, व्हिडिओ गेम खेळा, बोटं आपोआप हलतील. मी म्हटलं, "अगं बाई, आता एवढंच राहिलं होतं!" पण माझ्या मुलाचा जुना गेमचा डबा कपाटावर पडून होता, तो काढला आणि टीव्हीला जोडून दिला. पहिला आठवडा हिचा माणूस नुसता भिंतीवर आपटत होता आणि ही त्याच्यावर खेकसत होती, "डोळे आहेत की नाहीत रे तुला?" मनगट दोन महिन्यांत बरं झालं. डबा काही परत कपाटावर गेला नाही.

गेमची परीक्षणं छापणारी एक वेबसाइट आहे. तिथे कुणीतरी लिहिलं की अमुक कोड्यांच्या गेममधला चाळिसावा टप्पा सुटूच शकत नाही. झालं! ताईच्या डोक्यात तिडीक गेली. तिने तो टप्पा सोडवला होता. तिने पायऱ्यांसकट चार पानी पत्र धाडलं. संपादक हुशार निघाला, त्याने तिलाच लिहायला सांगितलं. 'बाईंचा निकाल' असं सदर सुरू झालं, दर महिन्याला एक गेम, खाली दहापैकी गुण आणि तिचं पूर्ण नाव. एकसष्टाव्या वर्षी बाईसाहेब पुन्हा पेपर तपासायला बसल्या. तिचा चेहरा बघायचा होता तुम्ही तेव्हा. मी तिला इतकं खूश तिच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

तिची एकच अट होती. गेम संपल्याशिवाय गुण देणार नाही. शेवटची पुरवणी वाचल्याशिवाय निकाल नाही, असं ती म्हणायची. बाकीचे परीक्षक चाळीस तासांच्या गेममधले आठ-दहा तास खेळून मोकळे होतात, कारण गेम बाजारात येईल त्या सकाळी परीक्षण हवं असतं. ही आधीच सावकाश खेळणारी, त्यात प्रत्येक कोपऱ्यात डोकावणार. चाळीस तासांना हिला शंभर लागतात. सदर उशिराच छापायचं असं ठरलेलं होतं, म्हणून चाललं होतं.

मग तो टपालवालीचा गेम आला. एक बाई डोंगराळ मुलखात गावोगाव पत्रं पोचवते. काय ते गवत, काय तो बर्फ! मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तरी मी स्वयंपाक सोडून बघत बसायची. बहुतेक गावांत कुणी ना कुणी एखादं पत्र द्यायचं, डोंगरापलीकडच्या शेवटच्या शहरासाठी. एका म्हाताऱ्याने मुलाला लिहिलेलं, एकीने रुसून गेलेल्या मैत्रिणीला लिहिलेलं. ताई एकही पत्र सोडायची नाही. सव्वीस दिवसांनी, शंभरावर तास खेळून ती त्या शहरात पोचली तेव्हा पिशवीत एक्क्याण्णव पत्रं होती.

शहरात एकही दार उघडलं नाही. दारं नव्हतीच, भिंतींवर दारांची नुसती चित्रं होती. रस्त्यात माणसं उभी होती, त्यांना काही बोलता येत नव्हतं. ताई दोन दिवस त्या शहरात गल्लोगल्ली फिरली. चौकाच्या टोकाला गेली की संगीत वाजायचं, गेम बनवणाऱ्यांची नावं वर सरकायची आणि गेम संपायचा. शेवट त्यांनी बनवलाच नव्हता. वेळ संपला असेल, तसंच विकून टाकलं.

"एक्क्याण्णव पत्रं," ती कंट्रोलर खाली ठेवून म्हणाली, "एक्क्याण्णव जणांना शब्द दिला होता मी."

तिने दहापैकी पाच दिले. कशाचे किती, कशाचे का कापले, सगळं ओळीने लिहिलं. सगळ्या जगाने त्या गेमला नऊ दिले होते. त्याच वेबसाइटवरच्या एका परीक्षकाने तर साडेनऊ. तो सगळ्यांनाच साडेनऊ देतो, म्हणून आम्ही घरात त्याला साडेनऊच म्हणतो.

तीन दिवसांनी परीक्षण छापून आलं. मजकूर तिचाच. खाली तिचं नाव. आणि आकडा सात.

मला वाटलं टायपिंगची चूक असेल. ताईने फोन लावला. संपादक म्हणाला, छापण्याआधी कंपनीला दाखवलं होतं, पाच बघून ते भडकले, पुढचे गेम आधी पाठवणार नाहीत म्हणाले, म्हणून जरा सात केलं, मजकुराला हात लावलेला नाही.

"जरा?" ताई म्हणाली. "उद्या सकाळी येते मी."

मी रात्रभर तिची मनधरणी केली. दोन आकड्यांचा तर प्रश्न आहे, सदर गेलं तर काय करशील, दिवसभर भिंतीकडे बघत बसशील का? ती म्हणाली, "आकडा त्याचा आणि नाव माझं, असं कसं चालेल?" मी म्हटलं, "चालतं गं, मी आयुष्यभर चालवलं." हे माझ्या तोंडून निघालं आणि माझं मलाच वाईट वाटलं.

सकाळी मी तिच्याबरोबर गेले. एकटीला सोडलं असतं तर तिने काय केलं असतं, नेम नाही. ऑफिस म्हणजे दुकानांच्या वरची एक लांबट खोली, पाच टेबलं, एक भलामोठा टीव्ही आणि सोफ्यावर कुणाचं तरी जॅकेट. संपादक पस्तिशीचा, गोड बोलणारा. "या बाई, बसा बाई," करून त्याने खुर्च्या पुढे केल्या. साडेनऊ तिथेच बसला होता. मला वाटलं होतं कुणी उंडगा पोरगा असेल. तर टक्कल पडायला लागलेला, टेबलावर स्वतःच्या लेकीचा फोटो ठेवणारा माणूस निघाला.

"बाई, राग मानू नका," संपादक म्हणाला, "पण कंपनीचं म्हणणं असं की तुमच्या हातून मधलं एखादं काम राहिलं असेल, म्हणून शेवटी दारं उघडली नाहीत. वयोमानाने होतं असं."

माझंच रक्त उसळलं. वयोमानाने म्हणे! ताईने मात्र आवाज चढवला नाही. तिने पिशवीतून पेनड्राइव्ह काढला. तिचा खेळ जिथवर आला होता तो सगळा त्यात साठवलेला होता. तो तिने साडेनऊच्या हातात दिला आणि म्हणाली, "तुमचं वय लहान आहे. यात मी शहराच्या वेशीवर उभी आहे, मागची सगळी कामं पुरी झाल्याची यादीही यातच आहे. तुम्ही खेळा. एक दार उघडून दाखवा, मी स्वतःच्या हाताने दहा लिहिते."

तो हसत बसला. बोटं काय चालत होती त्याची! ताईला अर्धा तास लागायचा ते त्याने तीन मिनिटांत केलं. पहिलं दार, दुसरं दार, दहावं दार. तो छपरांवर चढला, मागच्या गल्लीतून आला, नदीत उडी मारून पाहिली. "इथे कुठेतरी असणार," असं तो दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा नाही म्हणाला. पाऊण तासाने तो चौकाच्या टोकाला पोचला, संगीत वाजलं आणि नावं वर सरकायला लागली. खोलीतले सगळे मान वर करून बघत होते.

"मी तिसऱ्या डोंगरावर थांबलो होतो," तो हळूच म्हणाला. "दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षण द्यायचं होतं. पुढेही असंच सुंदर असेल असं धरून चाललो."

मला वाटलं ताई आता त्याला सोलून काढणार. पण ती म्हणाली, "तुम्हाला वेळच दिला नाही, त्यात तुमचा काय दोष? पण मग तसं लिहा ना. तिसऱ्या डोंगरापर्यंत साडेनऊ, पुढचं माहीत नाही. त्यात लाज कसली?"

संपादकाने घसा साफ केला. "बाई, तुमचं बरोबर आहे. पण आमच्याकडे पद्धत वेगळी असते. आमच्याकडे सात म्हणजे पाचच."

"मग पाच म्हणजे काय?"

"पाच म्हणजे... गेम चालूच होत नाही."

"आणि चार, तीन, दोन, एक कशाला ठेवलेत? शोभेला?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. संपादकाचे कान लाल झाले.

"दहा आकडे आहेत तुमच्याकडे," ताई म्हणाली, "आणि वापरता तीन. वाचणारी माणसं काय मूर्ख आहेत? पाच म्हणजे पाच. निम्मा चांगला, निम्मा नाही. एक तर आकडा बदला, नाहीतर माझं नाव काढा."

"नाव काढलं तर सदर बंद करावं लागेल, बाई."

मी टेबलाखालून तिची पिशवी ओढली. तिला काय सोडावं लागणार आहे ते तिच्यापेक्षा मला जास्त दिसत होतं. तिने पिशवी सोडवून घेतली आणि उठून उभी राहिली.

"मग करा बंद," ती म्हणाली.

संपादकाचाही तोल सुटला. तो साडेनऊकडे वळला. "ठीक आहे. मजकूर काढतो, सात ठेवतो. तुझं नाव टाकतो त्याच्याखाली."

"माझं नको," साडेनऊ म्हणाला.

"का?"

"मी आत्ता शेवटपर्यंत जाऊन आलो ना."

संपादकाने उरलेल्या तिघांकडे पाहिलं. एकाला अचानक फोन आला, दुसरी खुर्चीखाली काही शोधायला वाकली, तिसरा सरळ म्हणाला, "सर, तुमचंच टाका की." संपादकाने ते काही केलं नाही. तुम्ही आजही ते पान उघडून बघा. मोठा थोरला सात आहे आणि खाली नावाची जागा रिकामी आहे.

घरी आल्यावर पहिला आठवडा वाईट गेला, उगाच खोटं कशाला सांगू? गेम येईनात. ताई सकाळी अंघोळ करून, चष्मा पुसून टीव्हीसमोर बसायची आणि टीव्ही लावायचीच नाही. मी विचारलं, "पस्तावलीस का?" तर फाडकन म्हणाली, "मुळीच नाही. दुखतं म्हणजे पस्तावले असं नसतं." मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. जन्मभर तिला हट्टी, आडमुठी, तिरसट म्हणत आले. त्या दिवशी मला तिचा अभिमान वाटला, इतका की सांगायची सोय नाही.

आठव्या दिवशी तिने त्या बिननावाच्या सातच्या खाली, जिथे वाचक प्रतिक्रिया लिहितात, तिथे लिहिलं: 'मी हा गेम एकशे चौदा तास खेळले. पाच गुण.' खाली स्वतःचं नाव, शाळेच्या रजिस्टरात असायचं तसं पूर्ण.

मग काय, तुटून पडले लोक! आजी, झेपलं नाही का? आजी, भजन करा. आजी, चष्मा बदला. सगळे टोपणनावांनी लिहिणारे शूर. मी म्हटलं, बंद कर ते, कशाला डोक्याला ताप? तिने बंद केलं नाही. प्रत्येकाला, अगदी प्रत्येकाला एकच उत्तर दिलं: 'तुम्ही शहरात पोचलात का? पोचल्यावर लिहा.' दोनशेच्या वर उत्तरं तिने एका बोटाने टाइप केली. हळूहळू तिथली वटवट थांबली. कुणीच पोचलेलं नव्हतं.

महिना गेला, दुसरा गेला. एका दुपारी मी भाजी निवडत होते आणि ताईने मला हाक मारली. 'रानमांजर' असं नाव लावणाऱ्या कुणीतरी लिहिलं होतं: 'बाई, आज पोचलो. खरंच एकही दार नाही. माफ करा. पाच.'

मी तर टाळ्याच वाजवल्या. "जिंकलीस गं बाई!"

ताईच्या कपाळावर आठ्या. तिने लगेच उत्तर टाइप केलं: 'माझे पाच मला परत देऊ नका. तुम्हाला किती वाटले आणि का, ते लिहा.'

दोन दिवसांनी त्याचं लांबलचक उत्तर आलं. त्याने सहा दिले होते. दारं नाहीत ही फसवणूकच, पण शहराच्या आधीच्या पुलावर टपालवाली पिशवी खाली ठेवून पाण्याकडे बघत बसते, तेवढ्यासाठी मी एक गुण वाढवतो, असं लिहिलं होतं.

"घे!" मी म्हटलं. "तुझ्यापेक्षा एक जास्त. आता तू सहा करणार?"

"नाही. माझे पाचच." तिने ते पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचलं. "पण पुलाचं त्याने बरोबर हेरलंय. मी तिथे थांबलेच नव्हते."

मग तिने चष्मा नीट केला आणि एका बोटाने लिहिलं: 'सहा तर सहा. पण खाली नाव लिहा.'

आम्ही दोघी पडद्याकडे बघत बसलो. भाजी तशीच राहिली. दहा मिनिटांनी रानमांजर पुसलं गेलं आणि सहाच्या खाली एका माणसाचं नाव आलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.