चाळीसाव्या पानावरची चिठ्ठी

ग्रंथपालबाईंना माणसं फारशी आवडत नसत, हे आधीच सांगून टाकतो. एकतीस वर्षं वाचनालयात काढली, पण न वाचता बोलणारा दिसला की त्यांचं पित्त खवळायचं. आणि पुस्तक निवडायच्या समितीत दुसरं होतं कोण!

वर्षातून एकदा सगळ्या वस्तीनं एकच पुस्तक वाचायचं, असा वाचनालयाचा उपक्रम. यंदाचा विषय ज्यू खेळाडू. बाई पुढच्या महिन्यात निवृत्त होणार, म्हणजे ही त्यांची शेवटची निवड. जाता जाता आपलंच पुस्तक लागलं पाहिजे, असा त्यांनी हट्ट धरला होता. एका उंच उडी मारणाऱ्या मुलीची ती गोष्ट. ज्यू म्हणून क्लबनं तिला हाकलून दिलेलं. वाचताना बाई दोनदा रडल्या होत्या, आणि बाई सहसा रडत नसत.

महिनाभर आधी त्यांनी समितीतल्या तिघांना एकेक प्रत दिली. प्रत्येक प्रतीत चाळीसाव्या पानावर गुपचूप चिठ्ठी ठेवली: 'इथवर आलात तर मला फोन करा.' कसला फोन अन् कसलं काय!

बैठकीत अध्यक्ष, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, म्हणाले, "अप्रतिम! एका बैठकीत संपवलं."

"मी तर शेवटी हलूनच गेले," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

उचलली जीभ, लावली टाळ्याला! बाईंनी दोघांच्या प्रती उघडल्या, आतल्या चिठ्ठ्या काढून टेबलावर ठेवल्या. मुख्याध्यापकांनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला तो खाली ठेवायचं नावच घेईनात.

"आणि तुम्ही?" बाई तिसऱ्याकडे वळल्या. हा खेळाच्या सामानाचा दुकानदार. वस्तीतला एकुलता एक ज्यू, म्हणून समितीत घेतलेला. बूट विकणारा माणूस पुस्तक काय वाचणार, हे बाईंचं ठाम मत.

त्यानं खिशातून चिठ्ठी काढली. "वाचलं. म्हणूनच फोन नाही केला. मला हे पुस्तक नको."

"का बरं?"

"दोनशे पानांत पोरगी उडी मारते ती चार पानं. बाकी नुसतं बिचारी, बिचारी! माझी आई धावायची, बाई. तिलाही हाकललं होतं. पण कुणी विचारलं की ती आपली वेळ सांगायची, सेकंदासकट. आम्ही रडतानाच का आवडतो हो तुम्हाला?"

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. "मग कुठलं घ्यायचं?"

त्यानं बाईंनी आधीच बाद केलेल्या पुस्तकांच्या ढिगाकडे बोट दाखवलं. "ते जाडजूड. टेबल टेनिसवालीचं. घरी तीनदा वाचलंय मी. निम्मं पुस्तक नुसता सराव आहे."

"ते? मुखपृष्ठावर हे एवढं पदक! असली बाजारू पुस्तकं माझ्या वाचनालयात—"

"त्यात चाळीसाव्या पानावर काय आहे?" दुकानदारानं शांतपणे विचारलं.

मुख्याध्यापकांनी ग्लास खाली ठेवला. डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून पुढे सरकल्या. बाईंनी पुस्तक ढिगातून काढलं आणि उघडलं. एकदाही न उघडलेली ती बांधणी कडकन वाजली, आणि तो आवाज सगळ्यांनी ऐकला.