अण्णाची बिनक्लचची गाडी

माणसं प्रेमापोटी जितकं वाटोळं करतात तितकं वैर धरूनही करत नाहीत, असं मी म्हटलं की लोक मला तोंडाळ म्हणतात. म्हणू देत. मी माझ्या भावाचं बघितलं आहे.

विरूपाक्ष माझा थोरला भाऊ. आम्ही त्याला अण्णा म्हणायचो. तीन वर्षांचा असताना त्याला ताप आला आणि डावा पाय मांडीपासून वाळला. डोकं मात्र तल्लख, आणि राग नाकाच्या शेंड्यावर. लातूरच्या आडत बाजारातली वडिलांची गादी तो विशीतच सांभाळायला लागला. पण आमचं गाव रेणापूरच्या पलीकडे. तिथून लातूरला जायचं म्हणजे एस.टी., आणि एस.टी. म्हणजे मदतीची हौस असलेली चार माणसं. एक दंड धरायचा, दुसरा काखेत हात घालायचा, कंडक्टर तर सरळ उचलून आत ठेवायचा. अण्णा ओरडायचा, मला सोडा, मी चढतो. ऐकतो कोण? वर बायका "बिचारं" म्हणून उसासे टाकायच्या. भीक नको पण कुत्रा आवर, अशी त्याची गत.

हैदराबादला कुणाकडे तरी एक जुनी अमेरिकन गाडी विकायला आहे आणि तिला क्लचच नाही, असं त्याला बाजारात कळलं. गिअर म्हणे गाडी आपले आपण बदलते. चालवायला एकच पाय लागतो, आणि उजवा पाय अण्णाकडे होता. तो गेला, चालवायला शिकेपर्यंत तिथेच राहिला आणि गाडी घेऊनच परतला. गाडी कसली, धूडच ते. रंग उडालेला, मीटर एकदा पुरता फिरून पुन्हा शून्यापासून निघालेला. वडिलांनी कपाळाला हात लावला. अण्णा दारात स्वतः उतरला, कुबडी काखेत घेतली आणि शांतपणे चहा मागितला. त्या दिवसापासून त्याचा आवाज चढल्याचं मला आठवत नाही. त्याचा सगळा राग बहुतेक माझ्या वाट्याला आला.

लातूर जिल्हा झाला तेव्हा आमच्या गावात पेढे वाटले होते. कलेक्टर उस्मानाबादला बसायचा, तो आता हाकेच्या अंतरावर आला, आता कामं झटपट होणार, असं जो तो सांगत होता. पुढे लागोपाठ पावसाने दगा दिला, गावची विहीर कोरडी पडली आणि त्या हाकेच्या अंतरावरच्या ऑफिसला आम्ही नुसत्या हाका मारत राहिलो. टँकर येईल, असं सांगायचे. कधी, ते कुणी सांगत नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हटल्यावर जिल्हा नवा काय आणि जुना काय.

अण्णाने गाडीची मागची सीट उपटून काढली. तिथे पाण्याची पिंपं बसवली आणि रेणा नदीच्या काठी मलप्पा नावाच्या त्याच्या दोस्ताचा मळा होता, तिथल्या विहिरीचं पाणी गावात आणायला सुरुवात केली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. रोज सकाळी हॉर्न वाजला की बायका घागरी घेऊन रांगेत. "बिचारं" म्हणणाऱ्याच बायका, पण आता त्याची वाट बघत उभ्या राहायच्या. त्या दिवसांत माझा भाऊ मला फार देखणा दिसायचा, हे मी कुणालाही सांगायला तयार आहे.

पण गाडी पडली माणसं वाहणारी, आणि म्हातारी. माळाची चढण आली की इंजिन बोंबलायचं आणि चाकं ओढायची नाहीत. जळका वास यायचा. तेव्हा अण्णाने नांदेडहून देविदास मिस्त्रीला बोलावलं. हैदराबादेत असल्या गाड्यांवर हात बसलेला तो माणूस होता. त्याने तेल मोजायची सळई काढली, बोटाला लावून वास घेतला आणि गिअरचं तेल जळून काळं पडलंय म्हणाला. ते मुळात लाल असतं.

मला वाटलं, मग बदला की. पण इतक्या चाललेल्या गाडीचं तेल बदलावं की नाही, यावरच मिस्त्री लोकांत भांडणं असतात म्हणे. जुन्या तेलात गिअरच्या आतल्या झिजलेल्या प्लेटांची भुकटी उतरलेली असते, आणि कधीकधी तिच्याच जोरावर गिअर पकड धरून असतो. सगळं एकदम काढलं तर गाडी जागची हलायची नाही. म्हणून देविदासचं म्हणणं, गिअरखालची तेलाची पेटी उघडून आपसूक येईल तेवढंच काढू, मोजून तेवढंच नवं घालू, महिनाभर चालवा, मग पुन्हा तसंच करू. तरीही भरवसा नाही, धोका तुमचा, करू का, असं त्याने अण्णाला विचारलं. सगळ्यांत अण्णाला काही विचारणारा तो एकटा निघाला. अण्णा म्हणाला, करा.

काम झालं. लालभडक तेल आत गेलं. गाडी फिरवून गरम केली आणि इंजिन चालू ठेवूनच देविदासने सळईवर तेल पाहिलं. बरोबर खुणेवर. उरलेलं तेल पुढच्या खेपेला म्हणून डब्यात ठेवलं आणि ओसरीवर जमलेल्या सगळ्यांना त्याने बजावलं, "खुणेच्या वर तेल चढू देऊ नका. जास्त झालं की आत फेस हुतो, आन् फेस गाडी वढत न्हाई."

गाडी चढण चढायला लागली. गाव खूश. आणि इथे शिवप्पाकाका मधे आले.

काका आमच्या नात्यातले, महादेवाच्या देवळातला नंदादीप तेच सांभाळायचे. मन सोन्यासारखं, तीच तर अडचण. दिवा काठोकाठ भरल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. दिव्यातलं तेल उतरलेलं त्यांना बघवत नसे. सोमवारी सकाळी अण्णा आत लिंगपूजेला बसला होता. काकांनी गाडीला विभूती लावली, हार घातला, डब्यात राहिलेलं तेल पाहिलं आणि मिस्त्रीने ज्या नळीतून तेल घातलं होतं तिच्यात सगळा डबा रिता केला. गावासाठी राबणाऱ्या गाडीला तेल कमी पडू नये म्हणून. भोवतीच्या बायकांनी हात जोडले. मिस्त्रीचं बोलणं या सगळ्यांनी ऐकलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी.

मी तेव्हा शाळेत शिकवायला गेले होते. मला हे नंतर कळलं, आणि बरंच झालं. मी तिथे असते तर काकांच्या हातातला डबा काकांच्याच डोक्यात घातला असता.

त्याच सकाळी भरलेली पिंपं घेऊन येताना गाडी चढणीवर थांबली. खालून लाल फेस गळत होता, धूर निघत होता. पोरं धावली, पिंपं उतरवली आणि गाडी ढकलत गावात आणली. अण्णा आत स्टिअरिंग धरून बसला होता. देविदास पुन्हा आला, पेटी उघडली आणि प्लेटा जळाल्या म्हणाला. तसल्या प्लेटा हैदराबादलाही आता मिळत नव्हत्या. तेल कुणी घातलं, असं त्याने विचारलं तेव्हा काका स्वतःच अण्णापुढे आले. ढसाढसा रडत होते.

"माझ्या हातानं घातलं रे लेकरा. तुझं भलं व्हावं म्हणून घातलं."

अण्णा म्हणाला, "मला इचारायचं की, काका. घरातच व्हतो मी."

तो एवढंच बोलला. मी मात्र बोलायचं ते सगळं बोलले. म्हाताऱ्या माणसाला असं बोलतात का, म्हणून गावाने मला नावं ठेवली. माझ्या भावाचं काय झालं यावर कुणी चकार शब्द काढला नाही. माणूस रडला की आपल्याकडे त्याचा गुन्हा माफ होतो.

दोन दिवस उलटले आणि गावात टँकर आला. लोकांनी नारळ फोडला. महादेवच पावला, म्हणाले. मला ते सहन होईना. मी लातूरला जाऊन ऑफिसातल्या साहेबांपुढे उभी राहिले आणि विचारलं, इतके महिने आम्ही खेटे घातले, मग टँकर आजच कसा उगवला?

साहेब सभ्य होते. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. टँकर उन्हाळ्याच्या तोंडालाच मंजूर झाला होता, असं त्यांनी सांगितलं. "पण तुमच्या गावात पाण्याची सोय होती ना बाई. ती गाडी होती. म्हणून दुसरीकडे लावला. आता तुमची सोय बंद पडली असं कळलं, लगेच पाठवून दिला." मी आभार मानीन, असं त्यांना वाटत असावं.

"ती सोय नव्हती," मी म्हणाले. "तो माझ्या भावाचा पाय होता."

साहेब "बरं" म्हणाले आणि त्यांनी माझ्या मागच्या माणसाला पुढे बोलावलं.